माऊसचीं बटणें आणि आमचे गैरसमज

मधल्या सुटींत एक वाद वारंवार आमच्या कानीं येतो. एक पक्ष म्हणतो, संगणक असावा तर मॅकच. दुसरा म्हणतो, विंडोजवांचून काम अडतें. हा वाद मुलांपुरताच राहिला असता तर आम्ही तिकडे काणाडोळा केला असता. परंतु बाळकुम येथील एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "साधें यंत्र घेतलें तर मुलगी मागें पडेल काय? कर्ज काढावें काय?" तेव्हां दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

मॅकच्या माऊसला एकच बटण, म्हणून तें यंत्र अपुरें, हा पहिला गैरसमज. १९८४ सालच्या मॅकिंटॉशला एकबटणी माऊस होता, हें खरें. नवशिक्याचा गोंधळ होऊं नये, हा त्यांतील हेतु. परंतु पुढें दुसऱ्या बटणाचें काम कंट्रोल कळ दाबून होऊं लागलें, आणि २००५ सालीं ॲपलनें स्वतःच अनेक बटणांचें काम करणारा माऊस विकावयास काढला.

माऊस हा या दोहोंपैकीं एकाचा शोध, हा दुसरा गैरसमज. डग्लस एंगलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें तो सर्वांसमक्ष चालवून दाखविला, तेव्हां ॲपल व मायक्रोसॉफ्ट यांचा जन्महि झाला नव्हता.

तिसरा गैरसमज आम्हांस अधिक खुपतो. तो असा कीं, मराठी लिहावयाचें तर रोमन अक्षरांचाच आधार घ्यावा लागतो. वस्तुतः भारत सरकारनें प्रमाण मानलेली इन्स्क्रिप्ट कळमांडणी दोन्ही यंत्रांत आहे. तींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे आहेत. 'कि' लिहितांना आधीं क, मग वेलांटी. उच्चाराचा क्रम तोच बोटांचा क्रम. ही विद्या एकदां हातीं बसली कीं यंत्र बदललें तरी ती बदलत नाहीं.

कांहीं धंद्यांस विशिष्ट यंत्र लागतें, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं; पण तें धंदा निवडल्यावर पाहतां येईल. सुताराची पारख रंध्याच्या किंमतीवरून होत नाहीं, फळीच्या सफाईवरून होते. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, यासाठीं कर्ज काढूं नये. आणि मुलांस विनंति कीं, जें यंत्र मिळेल त्यावर रोज पंधरा मिनिटें, कळांकडे न पाहतां, मराठी लिहिण्याचा सराव करावा.