निकाहच्या कॅसेटमधल्या रेघा



गेल्या ईदला आम्ही जव्हारला खालांकडे होतो. जेवणं आटोपल्यावर त्यांच्या मुलाने लॅपटॉपवर २००४ सालच्या निकाहची चित्रफीत लावली. कॅमकॉर्डरच्या लहान कॅसेटवरून ती संगणकात उतरवून घेतलेली. खालांच्या सासूबाई, म्हणजे साऱ्या घराच्या दादी, मांडवाच्या दाराशी बसल्या होत्या. तोवर चित्र स्वच्छ होतं. नवरीच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला आणि हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटल्या.

"गेली वाटतं कॅसेट," खाला हळूच म्हणाल्या. दादी आता नाहीत. त्यांचं हलतंबोलतं चित्र घरात एवढं एकच आहे.

कॅसेट गेलेली नव्हती. असा घोर अनेक घरांत असेल, म्हणून या वेळी हाच विषय.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ वेळा बदलायचं. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी एकाआड एक अशा अर्ध्या ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या अर्ध्या. यालाच इंटरलेसिंग म्हणतात. त्यामुळे चित्र लुकलुकत नसे. कॅमकॉर्डरही त्याच टीव्हीसाठी बनवलेला, म्हणून तोही तसंच टिपायचा. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही हप्ते एकदमच दाखवतो. भिंत, मांडव, बसलेली माणसं जागची हलत नाहीत, ती नीट दिसतात. हात तेवढ्या वेळात थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला रेघा येतात.

त्याच कॅसेटच्या शेवटी मोखाड्याचा बोहाडा होता. मुखवटे घालून नाचणारी सोंगं गर्रकन वळली की रेघाच रेघा, आणि मागचं घर मात्र अगदी साफ. ओळखायची खूण हीच. चित्र थांबवून बघा. हलत्या वस्तूलाच रेघा असतील तर फीत चांगली आहे. चौकोनी ठोकळे दिसले किंवा चित्र मध्येच गोठलं, तर मात्र फितीत किंवा ती उतरवण्यात दोष असू शकतो.

उपाय फुकटचा आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्रफीत लावा. वरच्या 'व्हिडिओ' मेनूत 'डीइंटरलेस' चालू करा आणि खालच्या 'डीइंटरलेस मोड'मध्ये 'यॅडिफ टू एक्स' निवडा. हा प्रकार दोन्ही हप्ते वेगवेगळे दाखवतो, त्यामुळे हालचालही सहज वाटते. मूळ फाइलला यात धक्का लागत नाही. फक्त दाखवण्याची रीत बदलते. आम्ही तिथेच करून पाहिलं. दादींचा हात सरळ नवरीच्या डोक्यावर गेला. खालांनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.

नातेवाइकांना फोनवर पाठवायची असेल तर हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने दुसरी प्रत करा. तिथेही 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' आहे. चित्राचा आकार लहान करायचा असेल तर आधी रेघा काढायच्या, मग आकार. उलट केलं तर रेघा चित्रात विरघळतात आणि पुन्हा निघत नाहीत.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या थोरल्या भावाच्या निकाहची कॅसेट एका दुकानात दिली होती. तिथे आकार लहान करून सीडी बनवून मिळाली. आम्ही खूश झालो आणि त्याच कॅसेटवर दुसरं काही टिपलं. आज त्या सीडीत अब्बा चालत येतात तेव्हा त्यांचा चेहरा धुरकट दिसतो, आणि मूळ कुठेच नाही.

म्हणून दुकानात देताना एवढंच सांगा: "जसं आहे तसं उतरवून द्या, काही काढू नका, लहान करू नका." ती मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि कॅसेट जपून ठेवा. कपाटात अशी कॅसेट पडून असेल तर या महिन्यात काढाच. ती चालवणारे कॅमेरे आता नवे मिळत नाहीत, आणि त्यातली माणसं कोण हे सांगणारे वडीलधारे आज घरात आहेत.