खापरपणजोबांचं नाव पुढे करून थायलंडला जाऊ नका

माझा धाकटा भाऊ आणि भावजय थायलंडला जायचं म्हणताहेत. फिरायला नव्हे, कायमचं राहायला. हुआ हिनला समुद्राजवळ फ्लॅट घ्यायचा आणि त्यासाठी दांडिया बाजारातलं आमचं घर विकायचं. त्या घरात मी राहते. म्हणजे माझा स्वार्थ आहे, तो आधीच कबूल.

त्याची कारणं अशी: समुद्र, स्वस्ताई, चांगली इस्पितळं, आणि बडोद्याची थंडी गुडघ्यांना सोसत नाही. (बडोद्याची थंडी! ग्वाल्हेरवाले हसतील.) वर हा शेवटचा टोला: "ताई, आपले खापरपणजोबा नाही का साताऱ्याकडून इथे आले?"

आले ना. पण गायकवाडांच्या चाकरीत आले. दफ्तर मोडीत होतं, त्यांना लिहिता येत होतं, म्हणून पोट भरलं. घर बांधलं, ते नावावर झालं. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० साली गुजरात झाला, तरी आम्हाला "अजून एक वर्ष राहू का?" असं कुणाला विचारावं लागलं नाही. आम्ही मतं दिली, भांडलो, गुजराती शिकलो, शेव-उसळ खाल्ली.

तिथे काय आहे? पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहता येतं, पण परवानगी वर्षावर्षाची. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवा, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवा. नोकरी करायची नाही. जमीन नावावर होत नाही. फ्लॅट होतो, पण एका इमारतीतली ४९ टक्केच जागा परदेशी लोकांच्या नावावर असू शकते. आपलं घर विकून, त्या पैशात, जन्मभराचा पाहुणा व्हायचं.

आणि स्वस्ताई कुणासाठी? डॉलर-पौंडात पेन्शन येतं त्यांच्यासाठी. भावाचं पेन्शन रुपयात आहे. वीस वर्षांपूर्वी एक बाट रुपया-सव्वा रुपयाला मिळायचा, आज अडीच रुपयांच्या पुढे गेलाय. पुढच्या वीस वर्षांचा हिशेब त्याने केलाय का? मी विचारलं, तर समुद्राचा व्हिडिओ पाठवला.

खरं कारण वेगळं आहे आणि ते मला ठाऊक आहे. आईची शेवटची नऊ वर्षं त्या दोघांनी काढली. मी शाळेत जायची, रात्री जाग्रण भावजय करायची. त्यांचा मुलगा मेलबर्नला. शेजारपाजार फ्लॅटमध्ये निघून गेला, संध्याकाळी ओट्यावर बसायला माणूस नाही. भाऊ एकदा म्हणाला, "आता मला कुणाचं करायचं नाही, आणि कुणी माझं करायला नको." ते ऐकून मी गप्प बसले. अजूनही त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

पण मग तेच सांगा ना! दमलोय म्हणा. खापरपणजोबांना कशाला मध्ये आणता? आणि दोघांतलं एक अंथरुणाला खिळलं, तर नव्वद दिवसांचा तो फॉर्म कोण भरणार? रात्री दोन वाजता नर्सशी कोणत्या भाषेत बोलणार? जे टाळायला चाललात ते तिथेही येणारच, फक्त थाई भाषेत येईल.

जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. भाड्याने दोन महिने राहून या. तेही डिसेंबरात नको, भर एप्रिलमध्ये राहा. आवडलं तर पुन्हा जा, दरवर्षी जा. परत आलात की चहा ठेवायला मी आहे.

घराच्या कागदांवर माझीही सही लागते. ती मी सध्या देत नाहीये. भाऊ या ग्रुपवर आहे, त्याने वाचावं म्हणूनच लिहिलंय.