चला, भटकू या! : सोनं गेलं, पोकळी राहिली

दोस्तांनो, सर्दी झाली की आई रुमालावर ज्याचे दोन थेंब टाकते, ते निलगिरीचं तेल तुम्हाला ठाऊक आहेच. पण निलगिरीचं झाड मूळचं कुठलं? ‘दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरावरचं’ असं म्हणालात तर फसलात! इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते ऑस्ट्रेलियातून आणून त्या डोंगरांवर लावलं आणि आपण डोंगराचंच नाव झाडाला देऊन टाकलं. तर आज जाऊ या निलगिरीच्या माहेरी.

मेलबर्न शहरापासून साधारण १४० किलोमीटरवर माल्डन नावाचं टुमदार गाव आहे. माझी भाची मेलबर्नला राहते, इयत्ता पाचवी. गेल्या सप्टेंबरात तिला घेऊन मी तिथे गेलो. सप्टेंबर म्हणजे तिकडचा वसंत. वॅटलची झाडं पिवळ्याधमक फुलांनी नुसती लगडलेली!

१८५३ च्या डिसेंबरात इथे सोनं सापडलं आणि बघता बघता माळावर तंबूंची जत्रा भरली. पुढे खाणी बंद पडल्या, माणसं पांगली; पण जुनी दुकानं, लाकडी खांबांचे व्हरांडे तसेच राहिले. म्हणूनच १९६६ साली तिथल्या नॅशनल ट्रस्टनं ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘उल्लेखनीय गाव’ म्हणून माल्डनची निवड केली.

“मामा, पण सोनं कुठंय?” भाचीचा सवाल.

मी तिला गावाबाहेरच्या कार्मन बोगद्याची गोष्ट सांगितली. १८८२ ते १८८४ अशी दोन वर्षं खपून माणसांनी कठीण खडकात तब्बल ५७० मीटर लांब बोगदा खोदला. आणि सोनं किती मिळालं? जवळजवळ नाहीच! डोंगर पोखरून उंदीर, म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. भाची खो खो हसली. मग एकदम गप्प होऊन म्हणाली, “बिचारे!”

तिथून आम्ही टॅरेनगोवर डोंगरावर गेलो. माथ्यावर एक उंच मनोरा आहे. उन्हाळ्यात रानात वणवा पेटला तर धूर लगेच दिसावा, म्हणून त्यावरून पहारा ठेवतात. वर चढलो, तर खाली चहूकडे करडं-हिरवं जंगल. “केवढं जुनं जंगल!” भाची म्हणाली. मी म्हटलं, “खरंच जुनं आहे का, ते खाली जाऊन बघू.”

जवळच्या मकलफर्डच्या रानात आयर्नबार्कची झाडं आहेत. नावाचा अर्थच ‘लोखंडी साल’! काळीकुट्ट, खोल चिरांची साल. निलगिरीचीच ही भावंडं. भाचीला म्हटलं, “आता गुप्तहेर हो. या झाडांत वेगळं काय दिसतंय?”

ती वाकून बघत राहिली. मग ओरडली, “मामा, एकाच बुंध्यातून तीन-तीन खोडं!”

शाब्बास! खाणीत आधाराला खांब हवेत, वाफेच्या इंजिनाला सरपण हवं. म्हणून जुनी झाडं सरसकट तोडली गेली. उरलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले, तीच ही आजची झाडं. म्हणजे जंगल दिसतं म्हातारं, पण आहे तरणं.

“मग काय बिघडलं? झाडं परत आली की!”

बिघडलं ते असं. या रानात फॅस्कोगेल नावाचा खारीएवढा प्राणी राहतो. कांगारूसारखाच पिशवीवाल्यांपैकी. शेपटी मात्र बाटली धुवायच्या ब्रशसारखी झुबकेदार! नर तर जेमतेम वर्षभर जगतो. पिल्लं वाढवायला याला झाडाची ढोली लागते. आणि निलगिरीच्या जातीच्या झाडात चांगली ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. झाड परत आलं, ढोली कुठून आणायची? म्हणून त्या भागातली माणसं झाडांवर लाकडी पेट्या टांगतात. शंभर वर्षांचं काम एका पेटीवर भागवायचं, दुसरं काय!

परतताना वाटेच्या कडेला एक खड्डा दिसला. भाची धावत निघाली, तसा मी तिचा दंडच धरला. जुन्या खाणींची विवरं गवतात लपलेली असतात, कित्येक खूप खोल. अशा रानात मळलेली वाट सोडायची नाही, म्हणजे नाही! बाजूला खाणीतल्या दगडमातीचे ढीग पडलेले. त्यांवर धड गवतही नव्हतं.

या भूमीचे मूळ रहिवासी आहेत जाजा वुरुंग लोक. खाणींनी उकरलेल्या या प्रदेशाला ते ‘उलटी झालेली भूमी’ म्हणतात. पोटातलं वर आणि वरचं पोटात! भाचीनं ते दोनदा मनाशी म्हटलं आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दोस्तांनो, सोनं काही दशकांत उपसून झालं. ढोली अजून भरून आलेली नाही.

आता तुमची पाळी. या सुट्टीत आई-बाबांबरोबर गावाबाहेर एक फेरी मारा. आपल्याकडे सागाच्या तोडलेल्या बुंध्यालाही असेच धुमारे फुटतात. ते शोधा. एखादं ढोली असलेलं जुनं झाड दिसलं तर लांबूनच बघा, आत कोण राहतंय? आणि ते झाड कुणाच्या आजोबांना आठवतंय का, तेही विचारून या!