दारातलं जुनं टायर

आपल्या धाराशिव जिल्ह्यात टायरला तोटा नाही. येडशी, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, कुठंही जा, पंक्चरच्या दुकानापुढं टायरची चळत दिसतेच. शिवाय ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, मोटारसायकली आहेतच. पूर्वी जुन्या टायरच्या चपला व्हायच्या, पाट्या व्हायच्या. आता ते पत्र्यावर नाहीतर उकिरड्यावर पडून राहतं. पडलंय तर पडू दे, खायला मागतंय का, असं आपण म्हणतो.

पण मैत्रिणींनो, ते मागतं! डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि टायरची पोकळी त्याला फार सोयीची. पाणी आटलं तरी त्याची अंडी कित्येक महिने तग धरतात. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत नवे डास तयार! आपण टंचाईतले लोक, बॅरल-रांजण घासून कोरडा दिवस पाळतो; घरामागच्या टायरमध्ये मात्र कुणी डोकावत नाही. आणि पोर तापानं फणफणलं की दवाखान्याची पायरी चढते ती आईच.

मग काहीजण टायर जाळतात. होळीत, शेकोटीत, रास्ता रोकोत, कधी आतल्या तारेसाठी. चूल लवकर पेटावी म्हणून ट्यूबचा तुकडा घालायची सवय तर घरोघरी. त्यात रबराबरोबर गंधक आणि कितीतरी रसायनं असतात. तो विषारी धूर आधी आपल्याच छातीत जातो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंड ठरवला. तरी धूर निघतोच.

भंगारात विकलं की सुटलो, असंही नाही. टायर भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने असतात. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला अशाच कारखान्यात स्फोट होऊन दोन बायका आणि दोन लेकरं गेली. म्हणून टायर कुठं जातं, हे विचारायलाच हवं.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरची जबाबदारी ते बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. नोंदणी असलेल्या कारखान्यातच त्याची विल्हेवाट लागली पाहिजे. रबराचा चुरा डांबरात मिसळून चांगले रस्तेही होतात. पण कंपनी काही आपल्या परसात येणार नाही. तेव्हा नवं टायर घेताना जुनं दुकानातच द्या आणि पुढं ते कुठं जातं, हे विचारा. चांगलं असेल तर रिमोल्ड करून घ्या. मुलांच्या झोक्याच्या टायरला खालून भोकं पाडा. उरलेली पावसाळ्याआधी छपराखाली न्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. तिथं हा विषय काढा. गावातली टायर ठेवायला एक झाकलेली जागा आणि ती नोंदणीकृत कारखान्याकडं पाठवायची सोय, एवढंच मागायचं. शहरातल्या बायकांनी हेच नगरपरिषदेत मागावं. एकटीचं कुणी ऐकत नाही; पन्नासजणी उभ्या राहिल्या की ठराव लिहावाच लागतो.