विश्लेषण : रजिस्ट्री क्लीनर – सफाई कसली, कोणाची?

संगणक मंदावला की ठरलेला सल्ला मिळतो : एखादे ‘क्लीनर’ टाकून बघा. ते टाकले की मिनिटभरात पडद्यावर लाल अक्षरे झळकतात आणि रजिस्ट्रीत शेकडो त्रुटी असल्याचे सांगितले जाते. दुकानाची बिले, घराचे हिशेब, मुलांचे प्रकल्प ज्यावर आहेत तो संगणक इतका ‘आजारी’ आहे म्हटल्यावर दुरुस्तीचे बटण कोण दाबणार नाही? पण यातल्या बहुतेक त्रुटी त्रुटी नसतातच.

रजिस्ट्री म्हणजे काय?

विंडोज प्रणालीची ही नोंदवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपली सेटिंग्ज स्वतंत्र लहान फायलींत ठेवत असे. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून ती प्रणालीचा कणा बनली. कोणता प्रिंटर जोडलेला आहे, कोणते फॉन्ट उपलब्ध आहेत, कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, अशा लाखो नोंदी तिच्यात असतात. अनेक सॉफ्टवेअर आपल्या परवान्याची माहितीही तिथेच ठेवतात. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हेही खरे. क्लीनर विकणाऱ्यांचा सारा व्यवसाय या एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे.

त्या नोंदी काढल्याने वेग वाढतो?

जाणवेल इतका नाही. विंडोज काही रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसत नाही. हवी ती नोंद थेट उघडते. ग्रंथालयात कोणी न वाचलेली दोनशे पुस्तके असली म्हणून हवे ते पुस्तक मिळायला उशीर होत नाही, तसेच हे. लाखो नोंदींतून काहीशे पुसल्या तर वाचणारी जागा मोबाइलवरच्या एका छायाचित्राएवढीही नसते. नव्वदच्या दशकात संगणकाची मेमरी अगदी तुटपुंजी होती आणि खुद्द मायक्रोसॉफ्ट ‘रेगक्लीन’ नावाचे साधन देत असे. पुढे कंपनीने ते मागे घेतले. साधन गेले, समजूत मात्र राहिली.

धोका नेमका कुठे?

क्लीनर अंदाजाने काम करते. नोंदीत लिहिलेल्या ठिकाणी फाइल सापडली नाही, की नोंद ‘निरुपयोगी’ ठरते. पण ती फाइल त्या वेळी न जोडलेल्या पेन ड्राइव्हवर असू शकते, किंवा कार्यालयातल्या बंद असलेल्या दुसऱ्या संगणकावर. एकच घटक दोन-तीन प्रोग्राम मिळून वापरत असतील तर त्याची नोंद पुसल्यावर भलताच प्रोग्राम अडतो. त्यातही वाईट म्हणजे परिणाम लगेच दिसत नाही. सफाई आज होते आणि महिनाअखेरीस विवरणपत्र भरायच्या दिवशी हिशेबाचे सॉफ्टवेअर परवाना मागू लागते. तोवर सफाईची आठवण कोणाला असते?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, हेही मान्य करायला हवे. त्यातूनच या साधनांवरचा विश्वास वाढतो. पण फायदा जवळपास शून्य असेल तर लहानसा धोकाही महागच. बरी क्लीनर पुसण्याआधी बॅकअप घेतात. मात्र विंडोजच सुरू झाली नाही तर तो परत बसवणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले नसते. शिवाय पूर्वी विंडोज स्वतःहून रजिस्ट्रीची प्रत ठेवत असे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून ही सोय आपोआप चालू नसते.

मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका स्पष्ट आहे : रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला कंपनीचे पाठबळ नाही आणि त्यातून उद्भवलेल्या बिघाडाची जबाबदारी ती घेत नाही.

नामांकित सॉफ्टवेअर घेतले तर?

नावाने निर्धास्त होऊ नये. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला. ती आवृत्ती कंपनीच्या अधिकृत वितरणातून, खऱ्या डिजिटल स्वाक्षरीसह सुमारे २२.७ लाख संगणकांपर्यंत पोहोचली. सावधगिरी बाळगून मूळ संकेतस्थळावरूनच ती उतरवणारेही त्यात अडकले.

दुसरा प्रकार थेट भीती विकण्याचा. रेस्टोरो आणि रीइमेज या ‘संगणक दुरुस्ती’ कंपन्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला, की बनावट इशारे दाखवून त्यांनी लोकांना, विशेषतः वृद्धांना, पैसे भरायला लावले. मार्च २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवण्याचे मान्य केले. तपासणी फुकट आणि दुरुस्तीला पैसे, अशी रचना असेल तर तपासणीत दोष सापडणारच. मायक्रोसॉफ्टनेही मार्च २०१८ पासून घाबरवून खरेदी करायला लावणारे असे प्रोग्राम ‘नको असलेले’ ठरवून हटवायला सुरुवात केली.

मग मंद संगणकाचे काय?

खरी कारणे बहुधा साधी असतात : फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम, संगणकाबरोबरच सुरू होणारे डझनभर प्रोग्राम, ब्राउझरमधली एक्स्टेन्शन. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात नको ते प्रोग्राम बंद करता येतात. तात्पुरत्या फायली विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’ने पुसता येतात; त्यात रजिस्ट्रीला हात लागत नाही. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर फरक त्याच दिवशी दिसतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या संगणकांचे मालक असल्या जाहिरातींना जास्त भुलण्याची शक्यता आहे. पण न मिळणाऱ्या सुरक्षा अपडेटची जागा कुठलेही क्लीनर घेत नाही.

रजिस्ट्रीत बदल कधीच करू नये असे नाही. काढून टाकलेला अँटिव्हायरस नव्याला आडवा येतो, तेव्हा एखादी नोंद हाताने काढावी लागते. जाणकार तंत्रज्ञ आधी त्या नोंदीची प्रत फाइलमध्ये काढून ठेवतो, मग तेवढीच नोंद पुसतो आणि संगणक पुन्हा सुरू करून बघतो.