दुबळ्या संघाला एक रात्र मिळते, चार मिळत नाहीत
अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला आइस हॉकीच्या राष्ट्रीय बाद फेरीचे विश्लेषण

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा दर वर्षी मार्चमध्ये रंगते. ती २००१मध्ये सुरू झाली. करोनामुळे रद्द झालेले २०२० हे वर्ष वगळता २०२५पर्यंत २४ विजेतेपदे दिली गेली आणि ती पाचच विद्यापीठांनी वाटून घेतली. विस्कॉन्सिनकडे ८, मिनेसोटाकडे ६, मिनेसोटा-डुलूथकडे ५, क्लार्कसनकडे ३ आणि ओहायो स्टेटकडे २. क्लार्कसन सोडल्यास उरलेली चारही विद्यापीठे एकाच साखळीतील, ‘वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन’मधील आहेत. या यादीबाहेरच्या संघाने कोणत्या बळावर मैदानात, खरे तर बर्फावर, उतरावे?

खेळाचे स्वरूप त्याला काही प्रमाणात अनुकूल आहे. बाद फेरीत एकच सामना असतो आणि गोल फार होत नाहीत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचे अंतिम सामने १-० असे सुटले, तर २०२१चा सामना जादा वेळेत २-१ असा संपला. अशा लढतीत गोलरक्षक तंद्री लागल्यासारखी खेळली, तर समोरच्या संघाची सारी गुणवत्ता तीन-चार दर्जेदार संधींपुरती उरते. पाच किंवा सात सामन्यांची मालिका असती, तर दुबळ्यांना एवढाही वाव राहिला नसता.

परंतु स्पर्धेची रचना हा वाव पुन्हा आक्रसते. २०२२पासून संघांची संख्या ८वरून ११ झाली आणि नव्या संघांना दार उघडल्याचे स्वागत झाले. मात्र पहिल्या पाच मानांकित संघांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही. उरलेले सहा संघ बलाढ्य संघांच्या घरी जाऊन आधी आपसांत झुंजतात आणि त्यांतील विजेत्याला एका दिवसाच्या विश्रांतीनंतर ताज्या दमाच्या यजमानांशी, त्यांच्याच प्रेक्षकांपुढे गाठ घालावी लागते. करंडक हवा असेल तर जेमतेम ११ दिवसांत चार विजय मिळवावे लागतात; मानांकितांना तीन पुरतात.

२०२२मध्ये मिनेसोटा-डुलूथने या वाटेवरचे तीन टप्पे ओलांडले. हार्वर्डला ४-० असे नमवून त्यांनी मिनेसोटाला त्यांच्याच घरी २-१ असे हरवले. उपांत्य फेरीत दुहेरी जादा वेळेपर्यंत झुंजून नॉर्थईस्टर्नवर मात केली. अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने त्यांना ३-२ असे रोखले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनने पहिल्या फेरीतून सुरुवात करून चारही सामने जिंकले. नव्या रचनेच्या पहिल्या चार वर्षांत ही किमया दुसऱ्या कोणाला साधली नाही. या उदाहरणांनी मात्र फार हुरळून जाऊ नये. डुलूथच्या नावावर तेव्हा पाच विजेतेपदे होती आणि विस्कॉन्सिनच्या नावावर सहा. ते दुबळे नव्हते. एका हंगामापुरते मागे पडलेले सरदार होते. २०२३मध्ये विस्कॉन्सिनने पहिल्या फेरीत ज्या लाँग आयलंड विद्यापीठाला ९-१ असे चिरडले, तो संघ २०१९मध्ये स्थापन झाला होता. खरी दरी तेथे दिसते.

मक्तेदारी मोडली ती क्लार्कसनने. २०१४मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील या लहानशा विद्यापीठाने सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या मिनेसोटाला ५-४ असे पराभूत केले आणि २०१७, २०१८मध्ये पुन्हा करंडक उचलला. त्याउलट बोस्टन कॉलेज २०१६मध्ये सलग ४० विजय घेऊन अंतिम फेरीत आले आणि मिनेसोटाकडून १-३ असे हरले. हंगामभराचे वर्चस्व एका दुपारी निरुपयोगी ठरू शकते, ही गोष्ट दुबळ्यांप्रमाणेच बलाढ्यांनाही लागू आहे.

तरीही करंडकापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, ती म्हणजे संघाचे अस्तित्व. पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाचा महिला संघ मार्च २०२१मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि नॉर्थईस्टर्नकडून १-५ असा हरला. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाने पुरुष व महिला, दोन्ही हॉकी संघ बंद केल्याचे जाहीर केले. निधी उभारून संघ पुन्हा बर्फावर आले ते २०२३-२४च्या हंगामात. दरम्यान त्या खेळाडूंची ऐन उमेदीची दोन वर्षे गेली.

आता दबाव वाढला आहे. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. हा पैसा प्रामुख्याने अमेरिकी फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे वळणार. महिला हॉकी बहुतेक ठिकाणी उत्पन्न देत नाही, त्यामुळे ताळेबंदात कात्री चालवताना तिच्याकडे नजर लवकर जाते. राष्ट्रीय स्पर्धेतील एखादा विजय देणगीदारांना आणि माजी विद्यार्थ्यांना जागे करतो. लहान विद्यापीठासाठी त्याचे मोल करंडकाच्या आशेहून अधिक आहे.

अर्थात विजयही हमी देत नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये मिनेसोटाची सलग ६२ विजयांची मालिका नॉर्थ डकोटाने खंडित केली. मार्च २०१७मध्ये त्या विद्यापीठाने खर्चकपातीचे कारण देऊन महिला संघच गुंडाळला. वर्षभराच्या आत, प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, मोनिक लामूरू हिने कॅनडाशी बरोबरी साधली आणि तिची जुळी बहीण जोसलिन हिने शूटआउटमधील निर्णायक गोल केला. अमेरिकेला २० वर्षांनी सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या या दोघी नॉर्थ डकोटाच्याच संघातून पुढे आल्या होत्या.