तिसऱ्या पंचाचे कौतुक पुरे

साहित्यसमीक्षेच्या वर्गात तीन बेसबॉल पंचांचा एक किस्सा पुष्कळदा सांगितला जातो. पहिला म्हणतो, चेंडू जसा असेल तसा मी पुकारतो. दुसरा म्हणतो, मला जसा दिसेल तसा पुकारतो. तिसरा म्हणतो, मी पुकारेपर्यंत तो काहीच नसतो. वर्ग हसतो, आणि अर्थ संहितेत नसून वाचकाच्या निर्णयात असतो हे सिद्ध झाले असे मानून तास पुढे सरकतो. माझा आक्षेप या 'सिद्ध झाले'वर आहे. निर्णयावरून वाद पेटल्यावर पंच प्रत्यक्षात काय करतो, हे या तिसऱ्या पंचाच्या चाहत्यांनी पाहिलेले दिसत नाही.

अमेरिकी बेसबॉलची नियमावली पंचाच्या निर्णयांत भेद करते. धावपटू बाद की सुरक्षित, चेंडू बॉल की स्ट्राइक, हा नजरेचा निवाडा. त्यावर हुज्जत घालण्याचा हक्क कुणालाच नाही. बॉल-स्ट्राइकवरून वाद घालायला धावून आलेल्या मॅनेजरला (तिथे मुख्य प्रशिक्षकाला हेच नाव आहे) पंच मैदानाबाहेर काढू शकतो. मात्र निर्णय नियमाशी विसंगत असल्याची वाजवी शंका असेल, तर मॅनेजर दाद मागू शकतो आणि पंच सहकाऱ्यांना विचारू शकतो. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने होम रन मारला. बॅटवर पाइनची राळ १८ इंचांपलीकडे लावली आहे, अशी तक्रार यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी केली. पंचांनी बॅट मोजून ब्रेटला बाद दिले. पण लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी कॅन्सस सिटीची हरकत मान्य केली, आणि १८ ऑगस्टला सामना त्याच होम रनपासून पुढे खेळवला गेला. म्हणजे नियमाचा अर्थ लावण्यात पंचसुद्धा चुकतो, आणि ती चूक दाखवून देता येते.

नजरेच्या निवाड्याचे काय? २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या अर्मांडो गॅलरागाने सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही पहिल्या बेसवर बाद होता. पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले. मॅनेजर जिम लेलंड यांनी वाद घातला, निर्णय बदलला नाही. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, चूक उघडपणे कबूल केली आणि गॅलरागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गॅलरागाच आला, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. आयुक्त बड सेलिग यांनी तो निर्णय फिरवला नाही.

कुणी म्हणेल, नोंद तीच राहिली, म्हणजे तिसरा पंचच खरा. छे! तिसरा पंच खरा असता, तर जॉइस यांना क्षमा मागण्याचे कारणच उरले नसते. खेळ पुढे जावा म्हणून कुणाचा तरी शब्द अंतिम मानावा लागतो. परंतु अंतिमता ही वाद मिटवण्याची सोय आहे, सत्याची जननी नव्हे. खुद्द खेळाने हे मान्य केले आहे: २००८ मध्ये होम रनपुरती चित्रफितीची मदत आली, २०१४ मध्ये मॅनेजरांना इतर अनेक निर्णयांना आव्हान देण्याची मुभा मिळाली, आणि २०२६ च्या हंगामासाठी बॉल-स्ट्राइकच्या निवाड्यालाही खेळाडूंनी आव्हान देण्याची पद्धत मंजूर झाली. पुकारण्यापूर्वीही चेंडू कुठेतरी होताच, हे गृहीत धरल्याशिवाय यांतले काहीच संभवत नाही.

वर्गातला अध्यापकही पंचच असतो. त्याने दिलेले गुणही अंतिम असतात. म्हणूनच हा किस्सा त्याला प्रिय असावा, असा माझा संशय आहे. 'अर्थ वाचकाचा' असे शिकवायचे, आणि विद्यार्थ्याने संहितेतल्या ओळीवर बोट ठेवून वेगळा अर्थ मांडला की गप्प बसवायचे, हे सिद्धान्ताच्या वेषातले अधिकारशहाणपण आहे. यापुढे तीन पंचांची गोष्ट सांगणाऱ्यांनी जॉइस यांचीही सांगावी, आणि मगच निष्कर्ष काढावा.